ऐकलं नाही म्हणजे विरोध केला असं नाही: स्वमग्न माणूस समोर असताना पोलिसांनी आणि घरच्यांनी काय करावं

पोलीस एखाद्या स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या माणसावर बळ वापरतात, तेव्हा त्याची सुरुवात बहुतेक वेळा एका साध्या तक्रारीने होते: "थांब म्हटलं तरी थांबत नाही." मग आवाज चढतो. दुसरा शिपाई मागून येतो, खांद्यावर हात पडतो, तो हात झटकला जातो आणि कागदावर त्या झटकण्याला हल्ला म्हटलं जातं. हे सगळं दोन-तीन मिनिटांत आटोपतं. मी हे लिहितेय ते त्या दोन-तीन मिनिटांसाठी.

मी एका स्वमग्न तरुणाची आई आहे. तो चोवीस वर्षांचा आहे, उंच आहे, दाढी राखतो, फार थोडं बोलतो. लहानपणी तो हात फडफडवायचा तेव्हा लोक हसून बघायचे. आता तेच केलं की दोन पावलं मागे सरतात. मी विशेष शिक्षिका म्हणून काम करते आणि पोलिसांच्या प्रशिक्षण वर्गात बोलायलाही जाते. तिथे एक प्रश्न हमखास येतो: "ताई, आम्ही काही डॉक्टर नाही. समोरच्याला ऑटिझम आहे की तो नशेत आहे, हे आम्ही कसं ओळखायचं?"

प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की ओळखू नका, निदान हे तुमचं काम नाही. तुम्हाला दिसतंय ते इतकंच, की हा माणूस सांगितलेलं करत नाही. त्यामागे बरीच कारणं असू शकतात. त्याला ऐकू येत नसेल. ऐकू आलं पण अर्थ लागला नसेल. अर्थ लागलाय, पण शरीर अजून हलत नसेल. तो भीतीने गोठला असेल. मधुमेह असेल आणि साखर उतरली असेल, तेव्हा माणूस अगदी दारू प्यायल्यासारखा बरळतो, अडखळतो. नुकताच फिटचा झटका येऊन गेला असेल, अशा वेळी धरायला गेलं की तो भान नसताना हातपाय झाडतो. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा असतील आणि आपण कुठे आहोत हेच त्यांना ठाऊक नसेल. "मुद्दाम ऐकत नाही" हे या यादीतलं फक्त एक कारण. तुम्ही पहिल्याच क्षणी तेच धरून चाललात, तर बाकी सगळ्यांवर अन्याय होतो. आणि गंमत नाही, खरं सांगते: या सगळ्या माणसांसाठी सुरुवातीला करायच्या गोष्टी एकच आहेत. म्हणून निदानाची गरज पडत नाही.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा

पोचल्या पोचल्या स्वतःला विचारा: या क्षणी कुणाच्या जिवाला धोका आहे का? नसेल, तर तुमच्याकडे वेळ आहे. आणि वेळ असेल तर तो वापरा. घाई करण्याचं कारण बहुतेकदा बाहेरचं असतं: जमलेली गर्दी, दुकानदाराची कटकट, वायरलेसवर येणारा पुढचा कॉल, किंवा "एवढ्या लोकांसमोर हा माझं ऐकत नाही" ही टोचणी. यातलं एकही कारण हात उचलायला पुरेसं नाही.

लंडनच्या ॲक्टन भागात सप्टेंबर २००८ मध्ये एक सोळा वर्षांचा मुलगा शाळेच्या सहलीसोबत जलतरण तलावावर गेला होता. तीव्र स्वमग्नता, अपस्मार (फिट येण्याचा आजार), बोलता येत नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी तो काठावर उभा राहिला आणि पाण्याकडे बघत राहिला. हलेना. सोबत शाळेची माणसं होती, त्यांना त्याची सवय माहीत होती. तलावाच्या व्यवस्थापनाने पोलिसांना बोलावलं. पोलिसांनी सोबतच्यांना नीट विचारलं नाही. मुलाच्या पाठीला हात लावला, आणि मुलाने पाण्यात उडी घेतली. त्याला बाहेर ओढून, जमिनीवर दाबून, हातात बेड्या आणि पायांना पट्टे बांधून, ओल्या कपड्यांत पोलिसांच्या गाडीतल्या पिंजऱ्यात बसवलं गेलं. पुढे कोर्टाने याला मारहाण, बेकायदा अडकवणूक, अपंगत्वावरून भेदभाव आणि मानवी हक्कांचा भंग ठरवलं. लंडन पोलिसांनी अपील केलं, ते २०१३ मध्ये फेटाळलं गेलं. नुकसानभरपाई २८,२५० पौंड. सोबतच्या शिक्षकांना "याला कशाने बरं वाटतं?" एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

मी हे प्रकरण प्रत्येक वर्गात सांगते, कारण त्यात वाईट हेतूचा कोणी नव्हता. पोलीस मुलाला वाचवायलाच आले होते. निकालपत्र वाचताना हेच सारखं जाणवतं, की चांगल्या हेतूने केलेली घाईसुद्धा तेवढीच दुखावते.

काय दिसू शकतं

कानांवर घट्ट हात. पुढेमागे झुलणं. बोटं डोळ्यांसमोर नाचवणं. एकच वाक्य, कधी जाहिरातीतलं, पुन्हा पुन्हा म्हणणं. चवड्यांवर चालणं. उन्हाळ्यात जाड जॅकेट. हातात दोरी, झाकण, खेळणं असं काहीतरी, जे कुणी काढून घेऊ पाहिलं तर आकांत होतो. हे हलणं-डुलणं म्हणजे तो स्वतःला सावरतोय. ते थांबवायला सांगू नका. हात धरून थांबवलंत, तर त्याच्याकडे असलेला एकमेव उपाय तुम्ही काढून घेतलात.

नजरेचं वेगळं सांगते, कारण इथे अनुभवी माणूसच जास्त फसतो. नजर चुकवतो म्हणजे काहीतरी लपवतो, असं पोलिसांना वर्षानुवर्षं शिकायला मिळालेलं असतं. स्वमग्न माणसाला डोळ्यांत बघणं अनेकदा सहनच होत नाही, आणि बघायला भाग पाडलं तर त्याला तुमचं बोलणं ऐकू येईनासं होतं. "माझ्याकडे बघून बोल" हे वाक्य सोडून द्या. तो जमिनीकडे बघून ऐकतोय, ऐकू द्या.

आणखी एक गोष्ट धोक्याची आहे. तुमचा चकचकीत बिल्ला, बकल, वायरलेस, कमरेचं हत्यार यांच्याकडे तो सरळ हात पुढे करून येऊ शकतो. त्याला ती वस्तू हवीशी वाटते, तुम्हाला वाटतं की हत्यार हिसकावायला आला. म्हणून आधीपासूनच कोनात उभे राहा, हत्याराची बाजू मागे ठेवा आणि अंतर राखा. तो पुढे आला तर एक पाऊल मागे या आणि तळवा दाखवून "थांब" म्हणा. मागे सरण्यात कमीपणा नाही. अंतर हे तुमचंही संरक्षण आहे.

आजूबाजूचा गलका कमी करा

सायरन आणि लुकलुकणारे दिवे बंद. वायरलेसचा आवाज कमी. श्वानपथक असेल तर लांब. बघ्यांना हटवा, मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांना तर नक्की मागे न्या, आणि यासाठी एक माणूस वेगळा ठेवा. चार जणांनी घेरून उभं राहू नका. एकाने समोर, थोडं बाजूला, दोन हात लांब. बाकीचे नजरेच्या कडेला, पण पाठीमागे नाही. त्याला बाहेर पडायची वाट दिसली पाहिजे, म्हणजे रस्त्याची बाजू अडवा आणि मोकळ्या, सुरक्षित जागेची बाजू उघडी ठेवा.

मला विचाराल तर या एका गोष्टीने निम्मं काम होतं. आपल्याला सायरन हा नुसता आवाज वाटतो. माझ्या मुलाला तो अंगावर येतो, तो अक्षरशः वाकतो. अशा वेळी त्याला "हात वर कर" म्हणणं म्हणजे त्याने कानावरचे हात काढावेत असं म्हणणं. तो काढणार नाही. काढूच शकणार नाही.

बोलायचं कसं

एकानेच बोलायचं. तीन दिशांनी तीन आदेश आले तर धडधाकट माणूसही गोंधळतो.

वाक्य दोन-तीन शब्दांचं. "इथे बस." "हात दाखव." "खाली ठेव." नाव माहीत असेल तर आधी नाव. आवाज सपाट, हळू. काय करायचं ते सांगा, काय करायचं नाही ते नको. घाबरलेल्या अवस्थेत माझा मुलगा वाक्यातला एखादाच शब्द पकडतो. "पळू नको" म्हटलं तर त्याच्यापर्यंत "पळ" एवढंच पोचतं. "उभा राहा" म्हटलं तर तो उभा राहतो.

एकदा सांगितलं की मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. वर्गात मी हे करून दाखवते आणि सगळ्यांना ते असह्य वाटतं, इतकी ती शांतता लांब असते. पण त्याच्या डोक्यात तेवढ्या वेळात शब्द उलगडत असतात. दहा झाल्यावर तेच वाक्य, त्याच शब्दांत पुन्हा म्हणा. "बस" ऐकलं नाही म्हणून "अरे खाली टेक की" म्हटलंत, तर त्याला हा नवा आदेश वाटतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

टोमणे आणि धमकीवजा प्रश्न पूर्ण टाळा. "फार शहाणा समजतोस का?" या प्रश्नाला स्वमग्न माणूस प्रामाणिकपणे "हो" म्हणेल. "मार खायचाय का?" यालाही कदाचित "हो" म्हणेल, कारण त्याने शेवटचा सूर पकडलाय. हा उद्धटपणा नाही. शब्दाचा जो सरळ अर्थ आहे, तोच त्याने घेतला.

बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असं धरू नका. काहीजण टाइप करून पानभर लिहितात. कागद-पेन पुढे करा, मोबाइल त्याच्याकडे असेल तर तो हातातून काढून घेऊ नका, तोच त्याचा आवाज असू शकतो. तसंच खुणांनी बोलणाऱ्या कर्णबधिर माणसाला मागे हात करून बेडी घातलीत, तर तुम्ही त्याचं बोलणं बंद केलंत.

आणि करून दाखवा. तो खाली बसावा असं वाटत असेल, तर शक्य असल्यास आधी तुम्ही बसा. एका हवालदारांनी मला सांगितलं होतं की फुटपाथवर टेकल्यावर समोरचा मुलगाही शेजारी येऊन टेकला, आणि मग त्याने खिशातला आईचा नंबर काढून दिला. असं प्रत्येक वेळी होईल असं मी म्हणणार नाही. पण बसलेल्या माणसाची कुणाला भीती वाटत नाही.

हात लावायची वेळ आलीच तर

अशी वेळ येते, हे मी आई म्हणूनही मान्य करते. मुलगा गाड्यांच्या रस्त्यात धावतोय, डोकं भिंतीवर आपटतोय, हातात काच आहे. तिथे वाट बघणं चूक. पण तेव्हाही आधी बोला: "मी हात धरतो." मग धरा. मागून कधीही नाही. घट्ट, सपाट तळव्याने, कारण हलका, गुदगुल्यांसारखा स्पर्श अनेकांना चटका बसल्यासारखा वाटतो.

वेदना देऊन वठणीवर आणायची पद्धत, म्हणजे मनगट पिरगळणं, सांधा दाबणं, इथे चालत नाही. काहींना वेदना फार उशिरा किंवा वेगळ्याच तऱ्हेने जाणवते. "दुखलं की थांबेल" या हिशेबाने तुम्ही जोर वाढवत जाता आणि हाड मोडतं. काहींना उलट इतकी तीव्र जाणवते, की ते जिवाच्या आकांताने झटापट करतात.

सगळ्यात महत्त्वाचं: पालथं पाडून पाठीवर, मानेवर, खांद्यांवर वजन टाकायचं नाही. छाती दबली की फुप्फुस फुगत नाही. माणूस हवेसाठी धडपडतो, ती धडपड विरोध वाटते, आणखी वजन पडतं. या चक्रात माणसं मेली आहेत. अमेरिकेच्या न्याय विभागाने १९९५ मध्येच पोलिसांना लिहून कळवलं होतं, की बेडी पडली की माणसाला पोटावरून ताबडतोब उठवा. "बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे" यावरही विसंबू नका. दोन शब्द निघण्याइतकी हवा आणि जगण्याइतकी हवा यांत फरक असतो.

डाऊन सिंड्रोम (जन्मतःच असणारी एक जनुकीय अवस्था) असेल तर धोका आणखी मोठा. स्नायू सैल, मानेचे वरचे मणके अस्थिर असू शकतात, आणि जवळपास निम्म्या मुलांना जन्मतःच हृदयाचा दोष असतो. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेत मेरिलँडमधल्या फ्रेडरिक इथे डाऊन सिंड्रोम असलेला एक सव्वीस वर्षांचा तरुण चित्रपट संपल्यावर पुन्हा खुर्चीत जाऊन बसला. त्याला तोच चित्रपट परत बघायचा होता. तिकीट नव्हतं. त्याची मदतनीस सांगत होती की थांबा, त्याला हात लावू नका, त्याची आई निघाली आहे. तिथे सुरक्षेचं जादा काम करणाऱ्या तीन पोलिसांनी त्याला ओढून बाहेर काढलं, झटापटीत तो खाली पडला, बेड्या पडल्या, आणि तो गेला. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण श्वास कोंडणं असं आलं. एका तिकिटासाठी. हे प्रकरण मी आजही शांतपणे सांगू शकत नाही.

तेव्हा नियम असा ठेवा. धरणाऱ्यांपैकी एकाने काहीच धरायचं नाही. त्याने फक्त चेहरा, ओठांचा रंग आणि श्वास बघायचा, आणि किती वेळ झाला ते मोठ्याने सांगायचं. त्याने "सोडा" म्हटलं की हुद्दा न बघता सगळ्यांनी सोडायचं. धोका टळल्या क्षणी पकड सैल करायची आणि माणसाला कुशीवर वळवायचं किंवा बसतं करायचं. तो अचानक गप्प, ढिला पडला, तर त्याला "शांत झाला" समजू नका. आधी श्वास तपासा.

कायदा काय म्हणतो

थोडक्यात सांगते. हवाना इथे १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत बळाच्या वापराची मूलतत्त्वं ठरली, त्यांत आधी अहिंसक उपाय आणि मग गरजेपुरतंच बळ हा क्रम आहे. २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातलं कलम १३ पोलीस आणि तुरुंग कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायला सांगतं. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४६ म्हणतं, की अटकेतल्या माणसाला पळून जाऊ न देण्यासाठी लागेल त्याहून जास्त जखडायचं नाही. कलम १७९ नुसार मानसिक किंवा शारीरिक अपंगत्व असलेल्या साक्षीदाराला जबाबासाठी राहत्या जागेबाहेर बोलावता येत नाही. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस भटकताना सापडला, तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १०० त्याला कोठडीत ठेवायला साफ मनाई करतं आणि २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायला सांगतं. शेजारच्या पोलीस ठाण्यात हे कलम छापून नेऊन दिलंत, तरी चालेल.

ठाण्यात आणल्यावर

चौकशीतली एक गोष्ट न समजल्याने निरपराध माणूस अडकू शकतो. अनेक स्वमग्न माणसं ऐकलेलं तसंच्या तसं परत म्हणतात. "तूच मारलंस ना?" विचारलं की उत्तर येतं, "तूच मारलंस ना." किंवा नुसतं "मारलंस". ही कबुली नाही, हा प्रतिध्वनी आहे. काहीजण प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणतात, कारण "हो" म्हटलं की प्रश्न थांबतात हे ते आयुष्यभर शिकलेले असतात. याची परीक्षा सोपी आहे: आधी विचारा "तू आत होतास?", थोड्या वेळाने विचारा "तू बाहेर होतास?" दोन्हीला "हो" आलं, तर जबाब तिथेच थांबवा आणि त्याला ओळखणारं माणूस आल्याशिवाय पुढे जाऊ नका. इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलीस कायद्याखालच्या नियमांनुसार अशा संशयिताच्या चौकशीला एक स्वतंत्र प्रौढ व्यक्ती सोबत बसवावीच लागते. कायद्याने सक्ती नसेल तिथेही हे करायला कुणी अडवत नाही.

खोली शक्यतो शांत, ट्यूबलाइट गुणगुणत नसेल अशी. हातातली निरुपद्रवी वस्तू काढून घेऊ नका. पुढे काय होणार हे क्रमाने सांगा: आधी नाव लिहिणार, मग पाणी, मग आई येणार. "थोड्या वेळात" म्हणू नका, घड्याळ दाखवा. औषधं चालू आहेत का ते विचारा, फिटची गोळी चुकली तर रात्रीत झटका येऊ शकतो.

घरच्यांनी फोन कसा करावा

आता आपल्या बाजूचं. मदतीसाठी केलेला फोनच कधी कधी संकट घेऊन येतो. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत एका आईने तेरा वर्षांच्या स्वमग्न मुलाचा उद्रेक झाला, म्हणजे ताण असह्य होऊन तो स्वतःला आवरू शकत नव्हता, म्हणून संकट हाताळायचं प्रशिक्षण असलेला माणूस पाठवा असं सांगत फोन केला. पोलिसांनी त्या मुलावर अनेक गोळ्या झाडल्या. तो वाचला. त्याआधी २०१६ मध्ये नॉर्थ मायामीत रस्त्यावर बसलेल्या स्वमग्न तरुणाच्या हातातला खेळण्यातला ट्रक कुणाला तरी बंदूक वाटला. त्याला समजवायला गेलेला त्याचा मदतनीस हात वर करून जमिनीवर पडून ओरडून सांगत होता, की तो खेळणं धरून बसलाय. पोलिसाची गोळी त्या मदतनीसाच्या पायात घुसली.

म्हणून माझं ठाम मत: नुसत्या उद्रेकासाठी दुसरी कुठलीही मदत मिळत असेल, तर पोलिसांना बोलावू नका. ओळखीचे शिक्षक, शेजारी, डॉक्टर आधी. उद्रेक हा हट्ट नसतो, तो ओसरायला वेळ लागतो आणि गणवेशाने तो वाढतो. बोलवावंच लागलं, तर या क्रमाने सांगा. हत्यार नाही, किंवा हातात नेमकं काय आहे. मग: स्वमग्न आहे, वय इतकं, दिसायला असा, बोलतो किंवा बोलत नाही. हात लावला तर पळेल. सायरन नको. या शब्दाने शांत होतो, या वस्तूने शांत होतो. मी तिथे आहे, किंवा इतक्या मिनिटांत पोचते. हा मजकूर एका कागदावर लिहून फोनजवळ चिकटवा. घाबरलेल्या क्षणी वाक्यं सुचत नाहीत.

मूल हरवलं असेल, तर "जवळचं पाणी आधी बघा" हे न विसरता सांगा: विहीर, तळं, नदी, टाकी, तलाव. अनेक स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असते आणि हरवलेल्यांचे मृत्यू बुडण्यानेच जास्त होतात.

ओळखपत्र गळ्यात, कपड्याबाहेर असू द्या. २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झालेली हिरवी, सूर्यफुलांची गळ्यातली पट्टी, जी चटकन न दिसणारं अपंगत्व असल्याची खूण आहे, आता बऱ्याच देशांत ओळखली जाते, तीही चालेल. कार्ड खिशात ठेवलं तर ते काढायला हात खिशात जातो, आणि समोरच्याला तो हात हत्याराकडे गेलेला वाटतो. बोलणाऱ्या मुलाला शिकवा: आधी म्हणायचं "माझ्याकडे कार्ड आहे", मग थांबायचं, "काढ" म्हटल्यावरच काढायचं. घरी हे नाटकासारखं खेळा. कधी वडील पोलीस, कधी मुलगा पोलीस. थांबणं, रिकामे हात दाखवणं, नाव सांगणं, जागेवर राहणं, एवढंच. महिन्यातून एकदा तरी उजळणी करा, कारण भीतीत फक्त अंगवळणी पडलेलंच आठवतं. पण कार्डाने आणि सरावाने सगळी जबाबदारी मुलावर टाकता येत नाही. हे समजून घेण्याचं काम मुख्यतः गणवेशातल्या माणसाचंच आहे.

शक्य असेल तर काही घडण्याआधी ठाण्यात एकदा मुलासोबत जाऊन या. तिथल्या दोघा-तिघांना त्याचा चेहरा, चाल, त्याची हातातली दोरी माहीत होऊ द्या.

पोलिसांनी त्याला धरलेलंच असेल आणि तुम्ही पोचलात, तर मध्ये घुसू नका. तुम्हाला ढकलतील आणि तुमचं ऐकणारं कुणी उरणार नाही. मोठ्याने, छोट्या वाक्यांत बोला: "मी आई आहे. हत्यार नाही. श्वास कोंडतोय. कुशीवर करा." तेच पुन्हा पुन्हा. मुलाशी वेगळ्या, मऊ आवाजात.

प्रशिक्षणाबद्दल

वर्षातून एक व्याख्यान पुरत नाही. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९८७ मध्ये मानसिक त्रासातल्या एका तरुणाला पोलिसांनी गोळी घातल्यावर १९८८ पासून खास पथक उभं राहिलं. त्याचं प्रशिक्षण ४० तासांचं असतं, त्यात संवादाचा प्रत्यक्ष सराव असतो आणि आजारी माणसांशी, त्यांच्या घरच्यांशी गाठभेट असते. तेच मला महत्त्वाचं वाटतं. ठाण्यात अधिकारी असाल तर स्वमग्न प्रौढांनाच शिकवायला बोलवा, त्यांना मानधन द्या, आणि नियंत्रण कक्षात फोन उचलणाऱ्यांना या वर्गात सगळ्यात आधी बसवा. चुकीची माहिती तिथूनच निघते.

घटना घडून गेल्यावर

मुलाला लगेच प्रश्न विचारू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि मनगटं, मान, पाठ, गुडघे यांवरचे वळ तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवा. वेदना सांगता येत नाही अशा मुलाच्या बरगड्या डॉक्टरांना मुद्दाम तपासायला सांगा. जिथे घडलं तिथल्या कॅमेऱ्यांचं चित्रण जपून ठेवावं असा अर्ज त्याच दिवशी लेखी द्या आणि पोच घ्या, कारण जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. कोण काय म्हणालं, कुणी कुठे धरलं, किती वाजता, हे झोपण्याआधी लिहून काढा. साक्षीदारांचे नंबर घ्या. तक्रार वरिष्ठ अधिकाऱ्याकडे आणि अपंग व्यक्तींच्या आयुक्तांकडे, दोन्हीकडे लेखी करा.

पुढचे काही आठवडे तो जुन्या वाटेने जायला नकार देईल, खाकी रंग दिसला की थिजेल, झोप उडेल. ओढून नेऊ नका. आणि ज्या पोलिसाने नीट वागून घटना टाळली, त्याच्या वरिष्ठांना पत्र लिहा. त्यात त्याने नेमकं काय केलं ते लिहा: गाडीचे दिवे बंद केले, एकटा बोलला, वीस मिनिटं वाट बघितली.